परसातला किवी आणि आत्याची अंजिरं

त्या वर्षांत शिक्रापुरात ज्याच्या त्याच्या घरामागं काहीतरी अजब उगवत होतं. कुणी सफेद मुसळी लावली होती, कुणी व्हॅनिलाच्या वेलांना सावली करत बसला होता. एकानं तर गोठा मोडून एमू पाळले, आणि ते एमू भिंतीवरून मान काढून शाळेच्या पोरांच्या डब्यात चोच घालायचे. शेतात कंपन्या आल्या, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या उठल्या, माणसांचे हात मोकळे झाले, आणि हात मोकळे झाल्याबरोबर प्रत्येकाला आपण शास्त्रज्ञ आहोत असं वाटायला लागलं. आमच्या घरी किवी आला.

किवी म्हणजे चिकूसारखं दिसणारं, अंगावर बारीक लव असलेलं, कापलं की आत हिरवंगार निघणारं फळ. आज ते हातगाडीवर मिळतं. तेव्हा ते फक्त तापाच्या पेशंटला भेटायला जाताना न्यायचं फळ होतं, आणि तेही पुण्याहून आणावं लागे. आमच्या गल्लीत ते खाल्लेलं एकही माणूस मला माहीत नव्हतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीही ते खाल्लेलं नव्हतं. पण त्यावर तासभर बोलायला चव माहीत असायला लागते असं त्यांना वाटलं नाही. त्यांना काय, आमच्याकडं कुणालाच वाटत नाही.

शिरूरच्या एका कृषी प्रदर्शनात टोपी घातलेल्या एका माणसानं त्यांच्या गळ्यात दोन रोपं मारली. एक नर, एक मादी. दोघांना चिठ्ठ्या बांधलेल्या. आपल्या हवेसाठी मुद्दाम तयार केलेली जात आहे, असं तो म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, "फक्त थंडी लागते साहेब याला. थंडीचं तेवढं तुम्ही बघा."

थंडीचं तेवढं तुम्ही बघा! आमच्या मुलखात, जिथं फेब्रुवारी संपायच्या आत पत्रे तापून कडकड वाजायला लागतात! कुणीही शहाणा माणूस तिथून उठून चहा प्यायला गेला असता. पण आप्पांचं तोंड उजळलं. कारण थंडी हाच त्यांचा धंदा होता. ते गावच्या दूध शीतकरण केंद्रावर मशिनवर होते. सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन घ्यायचे, माप करायचं आणि दूध गार करायचं. "आक्ख्या तालुक्याचं दूध मी गार करतो," ते त्या माणसाला म्हणाले, "दोन वेलांचं काय घेऊन बसलाय?"

घरामागं भाडेकऱ्यांच्या तीन खोल्या आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पट्टा होता. आई तिथं गवार, भेंडी आणि आळू लावायची. तो पट्टा मोकळा झाला. द्राक्षाला करतात तसा लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव उभा राहिला. आईला विचारलं का? विचारतात का कधी? ती एवढंच म्हणाली, "आता भाजी बी प्रदर्शनातनंच आणा."

दोनातला एक वेल पहिल्याच मे महिन्यात वाळून गेला. चिठ्ठ्या तोवर उन्हानं कोऱ्या झालेल्या. मेला तो नर, असं आप्पांनी जाहीर केलं.

"कशावरून?" मी विचारलं.

"बाईमाणूस चिवट असतंय. तुझ्या आयकडं बघ."

हा आमचा पुरावा. याच्यावर पुढची तीन वर्षं उभी राहिली.

मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात होते. कॉलेजात होते म्हणायचं, खरं म्हणजे आमच्या युवक मंडळात होते. आम्ही पत्रकं काढायचो. अंगात येणाऱ्यांवर, मूल होण्याची मुळी देणाऱ्या वैदूंवर, भूत उतरवणाऱ्या भगतांवर, वजन वाढवून देणाऱ्या डब्यांवर. पत्रकाला मथळा हवा, मथळ्याला उद्गारचिन्ह हवं, आणि पहिल्या ओळीत समोरच्याच्या कानाखाली आवाज निघायला हवा, हे मला तिथं शिकवलं गेलं. मी त्यात पटाईत होते. एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात, दौंडच्या स्टेशनबाहेर मी हजारो माणसांच्या हातात कागद कोंबले असतील. निम्म्यांनी त्यात भजी गुंडाळली. तरी मी थांबले नाही, कारण मी खरं लिहिते याची मला पक्की खात्री होती. ही खात्रीही एक रोगच आहे. तिच्यावर मात्र आम्ही कधी पत्रक काढलं नाही.

आप्पांची थंडी देण्याची पद्धत सांगते. केंद्रावर गार पाण्याची मोठी टाकी असते. तिच्या नळ्यांवर बर्फ धरतो. डिसेंबर-जानेवारीत ते रोज सकाळी तो बर्फ खरवडून एका जुन्या कॅनमध्ये भरायचे, कॅन मोटरसायकलला बांधून घरी आणायचे, वेलाच्या बुडाशी ओतायचे आणि वरून ओली गोणपाटं गुंडाळायचे. गोणपाटाच्या आत मुळं गारठायची. आणि वर, मांडवावर, फांद्या आरामात ऊन खात पसरलेल्या असायच्या.

हे आमच्या मागच्या खोलीतल्या भाडेकऱ्यानं पाहिलं. तो एका कंपनीत फिटर होता, हिमाचलचा. आमच्या गावाला हिमाचल, बिहार, ओडिशा हा फरक कळत नाही. परमुलखातला कामगार तो 'भैया', विषय संपला. रात्रपाळीहून तो आला आणि दात घासता घासता थांबला.

"अंकल, ये क्या कर रहे हो?"

"थंडी देता हूँ."

"जड़ को? ठंड तो ऊपर चाहिए अंकल, टहनियों को. हमारे घर पे है ना ये. पूरी सर्दी इसपे पाला गिरता है, बर्फ़ जैसा. हफ़्तों. यहाँ कहाँ से होगा?"

आप्पांनी गोणपाटाची गाठ मारली आणि सावकाश उभे राहिले. "दूध कसं गार करतात म्हाईत हाय? कॅन गार पाण्यात उभा करायचा. बुडाकडनं गारवा वर चढतो. समझा क्या?"

"पर ये दूध नहीं है, अंकल."

मी हसले. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि आत जाऊन आईला म्हणाले, "आमच्या खोलीत राहायचं आन् आम्हालाच शिकवायचं. उद्या मला कासरा धरायला शिकवंल."

आता बघा. ज्याच्या घरच्या बांधावर हा वेल आहे, जो लहानपणापासून त्याची फळं खात आलाय, असा माणूस तुमच्या परसात राहतो. त्याला फुकट विचारता येतं. आणि तुम्ही ऐकता कुणाचं, तर टोपीवाल्याचं. का? तर टोपीवाला 'साहेब' म्हणाला, आणि हा 'अंकल' म्हणतो. आमच्या तालुक्यात अक्कल कुणाकडून घ्यायची हे असं ठरतं.

इथवर हा एका घराचा मूर्खपणा होता. मूर्खपणा घरात राहिला असता तर मी हे लिहायलाही बसले नसते. पण कासुर्डीची आत्या त्यात आली.

आत्या ही आप्पांची थोरली बहीण. आत्याचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या घरामागच्या परसात अंजिराची पाच झाडं होती, जुनी, जोमाची. पहाटे उठून ती अंजिरं तोडायची आणि पाटी घेऊन हायवेच्या कडेला बसायची. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. अंजिराच्या चिकानं तिच्या बोटांची सालं निघालेली असायची. आणि अंजीर असं नाजूक, की सकाळी तोडलेलं दुपारपर्यंत खपलं नाही तर बसून जातं. तिला त्या रस्त्याचा कंटाळा आला होता, आणि त्यात काहीच गैर नव्हतं.

आप्पांनी तिला सांगितलं, "आक्का, किवी महिनाभर टिकतो. घरातनं उचलून नेतील. रोडला बसायची गरज न्हाई. माझ्या वेलाच्या काड्या लावून मी तुला रोपं तयार करून देतो."

आणि त्यांनी केलीही. द्राक्षाच्या काड्या लावतात तशा किवीच्या काड्या प्लॅस्टिकच्या काळ्या पिशव्यांत लावल्या. भिंतीला लागून चाळीस पिशव्या उभ्या राहिल्या. सगळ्या एकाच वेलाच्या. त्यांच्या मांडवाला आत्याच्या परसात जागा हवी, म्हणजे अंजिरं तोडायला हवीत. पाचही.

आत्या मात्र कच्ची नव्हती. ती म्हणाली, "तुझ्या वेलाला फूल येऊ दे. फूल आलं की मी गडी लावते आन् अंजीर तोडते. फुलाबिगर न्हाई."

म्हणजे आता त्या पाच झाडांचं आयुष्य आमच्या परसातल्या एका कळीवर टांगलं गेलं. मला ते चांगलं कळत होतं. आणि मी काय केलं? मी पत्रक काढलं.

जळजळीत पत्रक होतं. 'किवीच्या नावानं चांगभलं!' असा मथळा. हिमालयातलं झाड भीमेच्या काठावर विकणारे भामटे, त्यांच्या टोप्या, त्यांचे स्टॉल, त्यांना हार घालणारे आमचे सोसायटीचे संचालक, सगळ्यांना त्यात मी सोलून काढलं. कोरेगाव भीमातला एक फसलेला वेल लिहिला, तळेगावातला एक लिहिला. थंडी मुळाला नाही, फांदीला लागते हेही लिहिलं. ते मला कुणी सांगितलं हे नाही लिहिलं. आणि शिरूरला, जिथं आमची सगळी पत्रकं छापायची, त्या छापखान्यात ते घेऊन गेले.

छापखाना एका मुसलमान म्हाताऱ्याचा होता. त्याला सगळे चाचा म्हणायचे. लग्नपत्रिका, उरुसाची पत्रकं, पतसंस्थेचे अहवाल असं सगळं तो छापायचा, आणि प्रत्येक मजकूर आधी स्वतः पूर्ण वाचायचा. चष्मा कपाळावर चढवून त्यानं माझा कागद वाचला.

"झकास," तो म्हणाला. "कोरेगावचा हाय, तळेगावचा हाय. शिक्रापूरचा न्हाई व्हय? तुमच्या मागं बी एक हाय म्हणत्यात."

"ते वेगळं आहे, चाचा."

त्यानं चष्मा खाली ओढला. "बरं," म्हणाला आणि कागद छापायला घेतला.

काय वेगळं होतं? काही वेगळं नव्हतं. तोच टोपीवाला, तीच रोपं, तीच फसवणूक. वेगळं एवढंच की तो वेल माझ्या बापाचा होता, आणि गावात मला बापाच्या घरी राहायचं होतं. भगताच्या अंगणात जाऊन त्याचं पितळ उघडं करणारी मी, स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या वेलावर एक ओळ लिहू शकले नाही. दुसऱ्याच्या घरातलं खोटं दिसायला धैर्य लागत नाही. नुसता छापखाना लागतो.

ते पत्रक मी कासुर्डीलाही नेलं. आत्याला वाचता येत होतं, हळूहळू, बोट ठेवून, मोठ्यानं. तिनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"ह्यात तुमचा वेल न्हाई."

"नाही."

"म्हंजी तुमचा खरा हाय."

"आत्या, आमच्याही वेलाचं अजून काही खरं नाही..."

"पण लिवलं न्हाईस ना?" ती हसली. "तू कुणाला सोडत न्हाईस. तुझ्या बापाचं काय खोटं असतं तर तू सोडलं असतंस व्हय? मी वळखत न्हाई का तुला?"

तिनं पत्रकाची नीट घडी घातली आणि देवाच्या फळीवर ठेवली. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा प्यायले आणि चौफुल्याची जीप पकडली.

चौथ्या वर्षी थंडी जरा बरी पडली आणि मार्चच्या सुरवातीला वेलाला फुलं आली. जास्त नाहीत, मांडवाच्या एका कोपऱ्यात पाच-सात. पांढुरकी, मध्ये पिवळी. आप्पांनी असा आरडाओरडा केला की आईला वाटलं विंचू चावला. आधी त्यांनी कासुर्डीच्या किराणा दुकानातल्या कॉइन बॉक्सला फोन लावला आणि आत्याला बोलावून घ्यायला सांगितलं. मग गल्ली जमली. सोसायटीचे एक संचालक आले. त्यांनी मांडवाखाली उभं राहून वर बघत "छान, छान" केलं आणि दुष्काळी तालुक्यानं फळबागेकडं कसं वळलं पाहिजे हे आम्हाला सांगितलं. त्यांना वाटत होतं ते पॅशनफ्रूट आहे. दोनदा म्हणाले. कुणी दुरुस्त केलं नाही. संचालकांना दुरुस्त करायची आमच्याकडं पद्धत नाही.

गर्दी पांगल्यावर हिमाचलचा फिटर आला. त्यानं एक फूल हळूच खाली ओढलं आणि मला बोलावलं.

"दीदी, बीच में देखो. मादा फूल में यहाँ सफ़ेद तारे जैसा होता है, और नीचे छोटी-सी गोली. उसी का फल बनता है. इसमें है?"

मी बघितलं. मध्ये नुसता पिवळ्या पुंकेसरांचा झुबका होता. तारा नव्हता, खाली गोळी नव्हती.

"नहीं है."

"ये नर है, दीदी. इसको कभी फल नहीं लगेगा. और वो..." त्यानं भिंतीकडं पाहिलं. भिंतीला लागून चाळीस काळ्या पिशव्या उभ्या होत्या. त्याला वाक्य पूर्ण करायची गरज पडली नाही. एका वेलाच्या चाळीस काड्या म्हणजे चाळीस नर. आत्याच्या परसात पाच अंजिरांच्या जागी चाळीस नर.

मी आप्पांना जाऊन सांगितलं. ते आरशासमोर भांग पाडत होते. संध्याकाळच्या पाळीला निघायचं होतं.

"फूल हाय ना?" ते म्हणाले.

"नराचं आहे."

"फूल हाय ना? आक्कानं फूल मागितलं व्हतं. नर का मादी हे न्हाई मागितलं."

"आप्पा, फळ धरणार नाही. कधीच."

"कोण म्हणतंय? त्यो भैया?" कंगवा खिशात गेला. "चार बुकं शिकलीस आन् बापापेक्षा भाडेकरू मोठा झाला तुला. द्राक्षाला असती का नर-मादी? बाग बघितलीयेस ना तू? मग?"

"हे द्राक्ष नाही."

"मांडव तर त्योच हाय," असं म्हणून ते मोटरसायकल घेऊन गेले.

तालुक्याचं दूध गार करणारा माणूस. मांडव तोच, म्हणून वेलही तोच!

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी निघाले. चौफुल्याला गाडी बदलली. कासुर्डीला पोचले तेव्हा घरासमोर असतानाच कुऱ्हाडीचा आवाज ऐकू आला. परसात गेले तर दोन झाडं आडवी पडली होती. ऐन बहाराचे दिवस. फांद्यांना हिरवी अंजिरं तशीच लगडलेली, तुटल्या जागेतून पांढरा चीक ठिबकत होता. गडी तिसऱ्या झाडाच्या बुंध्याशी उभा होता आणि आत्या पदरानं वारा घेत कट्ट्यावर बसली होती.

"थांबव त्याला," मी म्हणाले. "आत्या, आधी थांबव."

तिनं हात वर केला. गडी थांबला. मी धापा टाकत सगळं सांगितलं. फूल, मधला तारा, खालची गोळी, भैयाचं आधीचं आणि आताचं बोलणं, चाळीस पिशव्या. माझं अर्धं व्हायच्या आत तिला कळलं होतं.

"पपईवानी?" ती म्हणाली. "नर पपईला नुसती लोंबती फुलं येत्यात, तसं?"

"अगदी तसंच."

तिनं पडलेल्या झाडांकडं बघितलं. मला वाटलं आता ती भावाला शिव्या घालेल. ती माझ्याकडं वळली.

"हे तुला आज कळलं?"

"नर आहे ते काल कळलं."

"आन् त्यो वेल खोटा हाय, हे?"

मी पायाशी पडलेलं एक हिरवं अंजीर उचललं.

"त्यो भैया तुला कवा बोलला व्हता, की हितं हे व्हनार न्हाई?"

"दोन-तीन वर्षं झाली."

"दोन-तीन वर्सं!" ती उठून उभी राहिली. "आन् तुझा कागद मी देवाम्होरं ठिवला! त्यात तुमचा वेल न्हाई म्हणून मी काल गड्याला सांगावा धाडला. तुझ्या बापाच्या फोनवर न्हाई. त्यो लहानपणापासनं असाच हाय, त्याच्या बोलण्यावर मी गवत बी कापत न्हाई. मी तुझ्या कागदावर इसवास ठिवला. कळतंय का तुला? तुझ्या!"

कुणी मला एवढं खरं कधी बोललं नव्हतं. भगतानं नव्हे, वैदूनं नव्हे. त्यांना माझ्यात काय खोटं आहे ते माहीतच नव्हतं.

"आता ठेव ना उरलेली तीन," मी म्हणाले.

"कशावर ठिवू? काल फूल आलं म्हणून फोन आला. आज तू म्हणतीस फूल खोटं. उद्या आणखी कोण यील." ती पुन्हा कट्ट्यावर बसली आणि विचार करून बोलली. "ऐक. तुमचा वेल खोटा हाय, असं छाप. मोठ्या अक्षरात. तुझं नाव घाल. आन् त्याच्या डेरीम्होरं उभं राहून वाट, सकाळी, सगळे दूध घालाय येत्यात तवा."

"त्यानं काय होईल?"

"माझ्या भावाला मी वळखते. त्याचं बरोबर असलं की त्यो भांडतो. मारामारीवर येतो. चुकलं की गप बसतो. कोरा. भांडला तर मी समजंन वेल खरा हाय, मग तू आन् तुझा भैया काय बी बोला, मी तीन बी तोडते. गप बसला तर ठिवते." मग गड्याकडं वळून म्हणाली, "परवा सकाळी दुकानात यून बस. फोन यील. तवर कुऱ्हाड घरी ठेव."

दोन दिवसांत पत्रक. मी तशीच शिरूरला गेले. चाचानं चष्मा वर चढवला आणि वाचायला घेतलं. मी मथळाच दिलेला नव्हता. पहिली ओळ अशी होती: 'माझ्या वडिलांनी घरामागं लावलेला किवीचा वेल नर आहे, त्याला फळ येणार नाही, आणि त्यांनी वाटायला केलेली चाळीसही रोपं नर आहेत.' त्याखाली, हे मला कुणी सांगितलं ते: आमचा भाडेकरू, हिमाचलचा. आणि मागच्या पत्रकात मी आमचा वेल मुद्दाम गाळला, हेही.

"नाव?" चाचानं विचारलं.

"माझं. वडिलांचं नको. मी कुणाची पोरगी ते सगळ्यांना माहीत आहे."

त्यानं मान हलवली. उद्गारचिन्ह कुठं घालू, असं तो एरवी विचारायचा; या वेळी विचारलं नाही.

केंद्रावर सकाळी सातला रांग असते. सायकली, मोटरसायकली, कॅन, किटल्या. आप्पा आत काट्याजवळ. मी दाराबाहेर उभी राहिले आणि वाटायला सुरवात केली. एकेक कागद हातात गेला, तशी कुजबुज पुढं सरकत गेली.

"आज बापाचा नंबर लागला जणू."

"ए, वाच की मोठ्यानं, माझा चष्मा न्हाई."

"चाळीस नर! आरं, किवी हाय का लग्नाची वरात?"

"पोरगी हाय का वैरी हाय?"

"हसू नका, तुमच्या भाच्यानं बी चार पिशव्या सांगितल्यात."

एकानं कागद आत नेऊन आप्पांच्या हातात दिला. त्यांनी हात पुसून तो घेतला. रांग थांबली. सगळे दारातून आत बघत होते. दुधात पाणी आहे असं कुणी म्हणालं तर काटा उचलून अंगावर धावणारा माणूस तो. सगळ्यांनी ते पाहिलेलं होतं, आणि सगळे तेच बघायला थांबले होते. मीही. मी तर, तीन अंजिरं पणाला लागलेली असतानाही, ते व्हावं म्हणून मनातून धडपडत होते. त्यांनी ओरडावं, मला हाकलावं, त्या भैयाच्या नावानं शंख करावा. म्हणजे मी परत एकदा त्यांचा तिटकारा करायला मोकळी झाले असते.

त्यांनी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, ओठ हलवत. मग कागदाची घडी केली, फळीवर ठेवली आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणाले, "कॅन पुढं घ्या."

बस. माझ्याकडं पाहिलंही नाही.

मी समोरच्या पानपट्टीच्या कॉइन बॉक्सवरून कासुर्डीला फोन लावला. दुकानदारानं आत्याला दिला. ती तिथंच बसलेली होती.

"काय म्हणाला?"

"काही नाही."

"काहीच?"

"'कॅन पुढं घ्या' म्हणाले. रांगेतल्या माणसाला."

पलीकडं हायवेचा आवाज येत होता. मग ती तोंड फोनपासून लांब नेऊन कुणाला तरी बोलली. मला लांबून ऐकू आलं.

"ऊठ रं. चहा घे आन् जा घरी. न्हाई तोडायची."

मग पुन्हा फोनवर: "आन् तू, दोन झाडांचं देणं तुझ्याकडं बाकी हाय. विसरू नगंस." आणि फोन ठेवला.